अहवालातील पांढरे ठिपके

मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या आपल्या माणसाचा एमआरआय अहवाल हाती आला, की नजर प्रथम पांढऱ्या ठिपक्यांच्या संख्येवर जाते. पण वाचकहो, संख्येहून आधीच्या चित्राशी केलेली तुलना अधिक बोलकी असते.

या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला करते. त्या जखमा चित्रात ठिपक्यांसारख्या दिसतात. नवे ठिपके पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता उमटतात. म्हणूनच औषधोपचार चालू असताना, रुग्णास बरे वाटत असले तरी, साधारणतः वर्षातून एकदा ही तपासणी सुचवली जाते. गॅडोलिनियमच्या इंजेक्शननंतर उजळणारा ठिपका अलीकडच्या काही आठवड्यांतील दाह दर्शवतो. मूत्रपिंडाचा विकार वा पेसमेकर असल्यास ते आधीच सांगावे.

उतारवयात दोन गोष्टी ध्यानी असाव्यात. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वय यांमुळेही मेंदूत असे ठिपके येतात. प्रत्येक ठिपका म्हणजे हाच आजार वाढला, असे नव्हे. उलट, एकही नवा ठिपका नसताना चाल हळूहळू मंदावू शकते. ‘अहवाल चांगला आहे’ म्हणून रुग्णाची तक्रार बाजूला सारू नये.

तेव्हा जुन्या फिल्म व सीडी जपून ठेवा, तपासणी शक्यतो त्याच केंद्रात करा आणि चालणे, तोल, लघवीवरील ताबा, थकवा यांतील बदल वहीत टिपून ठेवा. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना चित्रांसोबत ती वहीही न्या.