शाल-श्रीफळ पुरे, आता अर्जांना हात घाला

दहावी-बारावीचे निकाल लागले की परळ, लालबाग, दादरपासून थेट डोंबिवली-विरारपर्यंत सभागृहांच्या तारखा मिळेनाशा होतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावागावाचं मुंबईत मंडळ आहे. मंडळ म्हटलं की वर्षाला एक सत्यनारायण, एक स्नेहसंमेलन आणि एक विद्यार्थी गुणगौरव सोहळा ठरलेलाच. यातलं काहीही पगारी माणसं करत नाहीत. खजिनदार पावतीपुस्तक घेऊन चाळीचे जिने चढतो आणि दोनशे रुपयांसाठी 'पुढच्या रविवारी या' हे हसून ऐकून घेतो. सचिव कामावरून सुटल्यावर लोकलमध्ये उभ्या उभ्या नावांची यादी तपासतो. कुणाची तरी बायको आदल्या रात्री प्रशस्तिपत्रकांवर नावं घालत बसते, कारण साऱ्या मंडळात अक्षर तिचंच बरं. ही माणसं आहेत म्हणून गावचं पोर आयुष्यात एकदा तरी व्यासपीठावर चढतं आणि आपल्यासाठी वाजलेल्या टाळ्या ऐकतं.

मी यांच्यातलाच एक आहे, म्हणून घरच्या माणसाच्या हक्काने बोलतो. कार्यकर्त्यांनो, आपण दमतो खूप आणि पोहोचतो थोडे.

आपला कार्यक्रम आठवून पाहा. पत्रिकेत वेळ दहाची आणि दीपप्रज्वलन साडेअकराला, कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी अजून सायनलाच अडकलेली. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांचे सत्कार, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार. मध्ये मध्ये सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. (या चारोळ्यांवर मंडळाच्या घटनेतच बंदी घालावी, असं माझं जुनं मत आहे.) मुलांची पाळी येते तेव्हा मागच्या रांगांचं लक्ष जेवणाच्या टेबलांकडे लागलेलं असतं. पोराच्या हातात सोनेरी मुलाम्याची प्लॅस्टिकची ट्रॉफी, एक गुलाबाचं फूल, पाचशे रुपयांचं पाकीट. फोटो. पुढचं नाव.

बरं, जून-जुलै म्हणजे कोकणात लावणीचे दिवस. ज्या घरात मजूर लावायची ऐपत नाही, तिथले आईबाप तरवा सोडून मुंबईला येणार कसे? म्हणून हॉलमध्ये दिसतात ती बहुतेक मुंबईत वाढलेली, मुंबईतच शिकणारी मुलं. गावच्या शाळेतली मुलं यादीत असतात, खुर्चीत नसतात. त्यांच्या ट्रॉफ्या गणपतीला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून गावाला पोहोचतात.

'मग हे सत्कार बंदच करा की,' असं म्हणणारे शहाणे लगेच भेटतात. त्यांना एक जुना सत्कार सांगतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत तो स्वतःच सांगितला आहे. ते शाळेतली एक परीक्षा पास झाले. इतर समाजांच्या मानाने ही काही फार मोठी मजल नव्हती, पण त्यांच्या समाजातला इथवर पोहोचलेला हा पहिलाच मुलगा. त्याचं जाहीर कौतुक व्हावं म्हणून समाजातली माणसं वडिलांची परवानगी मागायला घरी आली. सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात वारं शिरेल, एक परीक्षा पास होण्यापलीकडे त्याने केलंय तरी काय, असं त्यांचं म्हणणं. ती माणसं हिरमुसली, पण गप्प बसली नाहीत. रामजींचे स्नेही दादा केळुसकर यांना त्यांनी मध्ये घातलं. दादांनी रामजींचं मन वळवलं आणि सभा झाली. अध्यक्षस्थानी दादाच होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. ते वाचून आपण किती भारावलो हे बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत नोंदवलं आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडलं, ते साऱ्या देशाला ठाऊक आहे.

त्या सभेसाठी रामजींचा उंबरठा झिजवणाऱ्या कार्यकर्त्यांची नावं आज कुणाला ठाऊक आहेत? ती माणसं म्हणजे तुमची-माझीच जात, मंडळवाल्यांची.

पण मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. दादा केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे, पेशाने शिक्षक. सभा संपली म्हणून त्यांचं काम संपलं नाही. भीमराव इंटर झाल्यावर रामजींना पुढच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा दादांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कानावर ही गोष्ट घातली. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि भीमराव बी.ए. झाले. १९१३ साली याच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. सत्काराच्या सभेचा अध्यक्ष त्या मुलाच्या मागे वर्षानुवर्षं उभा राहिला. आपल्या सोहळ्यांचे अध्यक्ष जेवून गाडीत बसले की पुढच्या वर्षीच्या पत्रिकेतच भेटतात.

तेव्हा सत्कार हवाच. त्याच्या पाठीवर पाठपुरावाही हवा.

आता यादीबद्दल थोडं कडू बोलतो. आपली यादी टक्क्यांवर ठरते. नव्वदच्या वर असेल तर ट्रॉफी, पंचाहत्तरच्या वर असेल तर प्रशस्तिपत्रक, त्याखाली काही नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं होतं. नुसत्या चढाओढीने शिष्यवृत्ती वाटली तर ती दिसायला न्याय्य दिसते, पण ज्यांच्या घरात शिक्षण आधीच रुजलंय त्यांच्याच पदरात पडते. जिथे शिक्षण पोहोचलंच नाही अशा वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या काढा, हा त्यांचा आग्रह होता. आपण आजही तीच चूक हौसेने करतो आहोत. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत शिकून, दोन क्लास लावून ९३ टक्के मिळवणाऱ्या मुलीचं कौतुक जरूर करा. पण वाडीवरून रोज चढ-उतार करत शाळा गाठणारी, आल्यावर भांडी घासून गोठ्यात जाणारी आणि तरी ६१ टक्क्यांनी पास होणारी मुलगी आपल्या यादीत बसत नसेल, तर ती यादीच फाडून नवी करायला हवी.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून राज्यात पहिलं येत आलंय. आपण त्याचे फलक लावतो, आणि ते योग्यच आहे. पण पास झालेली ही पोरं पुढे कुठे जातात, हे कुठल्या फलकावर दिसतं का?

आणि आता पैशाचं बोलू, कारण मुद्दा तिथेच आहे. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. शाळांमध्ये तिला सरळ एनएमएमएस म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतला मुलगा हवा, सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट), घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. परीक्षेत दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० गुणांचे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात. चार वर्षांचे ४८,००० झाले. आपल्या पाचशेच्या पाकिटांत सांगायचं तर शहाण्णव पाकिटं!

आणि ही शिष्यवृत्ती हातची जाते कशी? बुद्धी कमी पडली म्हणून दरवेळी नाही. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तलाठ्याकडे जा, मग तालुक्याला सेतू केंद्रात जा. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून बाप म्हणतो, 'बघू पुढच्या आठवड्यात.' शाळेच्या रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरं. बँकेचं खातं आहे, पण आधारला जोडलेलं नाही. किंवा बरेच दिवस व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं. परीक्षेचा अर्ज शाळेच्याच लॉगिनमधून जातो. शिक्षक थोडे, वर्ग जास्त आणि वर ऑनलाइन माहित्यांचा मारा, त्यात तो राहून जातो. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करायची असते आणि दरवर्षी नूतनीकरणही. ते चुकलं की त्या वर्षाचे पैसे येत नाहीत. दहावीत ६० टक्क्यांच्या खाली घसरलं (अनुसूचित जाती-जमातींना इथेही ५ टक्के सूट) की अकरावी-बारावीची रक्कम थांबते, आणि हे त्या घराला बहुधा पैसे थांबल्यावरच कळतं.

यातलं एकही काम असं नाही, की जे मुंबईत बँकेत, पोस्टात, बेस्टमध्ये नोकरी केलेल्या माणसाला जमणार नाही. उलट आपल्या मंडळांत निवृत्त लिपिक, कॅशियर, शिक्षक यांचा तोटाच नाही. कागद कुठे अडतो आणि कुणाला गाठल्यावर सुटतो, हे त्यांच्याइतकं कोण जाणतं? त्यांना आपण व्यासपीठावर बसवून शाल पांघरतो. त्यांना टेबल-खुर्ची द्या आणि समोर अर्जांचा गठ्ठा ठेवा.

तीच गोष्ट मुलींच्या शिक्षणाची. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी बारावीनंतर 'परवडणार नाही' म्हणून घरी बसवलेल्या मुली वाडीवाडीत आहेत. त्यांच्या बापाला कुणी सांगितलंच नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मंडळाच्या सभेत कुणीतरी काढतोच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्यापाशी तरी काय होतं? साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी दळणातून मूठमूठ धान्य बाजूला काढलं. लांब कशाला, कोकणातली कितीतरी माध्यमिक विद्यालयं गिरणीत बारा महिने राबणाऱ्या आणि गावकीच्या खोलीत पथारीवर झोपणाऱ्या आपल्याच आजोबा-पणजोबांच्या वर्गणीतून उभी राहिली. त्यांच्याकडे हॉल नव्हता, फ्लेक्स नव्हता, ढोलपथक नव्हतं. शाळा मात्र त्यांनी बांधली. त्यांच्या नातवंडांना त्याच शाळेतल्या मुलांचे अर्ज भरता येऊ नयेत?

तर माझं म्हणणं असं. यंदा हॉल घेऊच नका. हॉलचं भाडं, जेवणाचा ठेका, फ्लेक्स आणि ट्रॉफ्या यांचे पैसे वाचवा आणि सोहळा गणपतीत गावी करा. चाकरमानी तेव्हा गावात असतो, लावणी आटोपलेली असते, एनएमएमएसच्या अर्जांचे दिवसही त्याच सुमाराचे. शाळेच्या पडवीत सतरंज्या टाका आणि दहावी-बारावीच्या मुलांबरोबर आठवीच्या मुलांनाही बोलवा. वेळ सकाळी दहाची ठेवली असेल तर दहालाच सुरू करा, पाहुणे येवोत न येवोत. पाहुणा म्हणून आमदाराच्या मागे धावू नका. याच शाळेतून शिकून परिचारिका झालेली, आयटीआय करून कारखान्यात लागलेला, तलाठी झालेला कुणी बोलवा. मुलांना त्याच्यात आपलं उद्याचं रूप दिसतं, आमदारात दिसत नाही. मुलाबरोबर आईलाही खुर्ची द्या. ती पदराला हात पुसत 'मी कशाला' म्हणेल, तरी द्या. ट्रॉफीऐवजी शब्दकोश द्या, कंपास द्या, नववीची पुस्तकं द्या. आणि टाळ्या झाल्या की कुणाला उठू देऊ नका. त्याच पडवीत टेबल मांडा, आधार, पासबुक, दाखले तपासा, काय कमी आहे ते वहीत लिहा आणि प्रत्येक मुलापुढे एका कार्यकर्त्याचं नाव व फोन नंबर टाका. तो कार्यकर्ता त्या मुलाचा बारावीपर्यंतचा माणूस. दरवर्षी नूतनीकरणाच्या महिन्यात त्याने फोन करायचा, दहावीत घसरू द्यायचं नाही, अडलंच तर सेतू केंद्रापर्यंत सोबत जायचं.

हे शाळेचं काम आहे, असं म्हणून हात झटकू नका. शिक्षक एकटे पुरे पडत नाहीत हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. गावच्या तरुणींनो, तुमच्या हातात फोन आहे आणि पोर्टल तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळतं. या कामात पुढे तुम्ही व्हा, आम्ही मागे राहू.

मंडळाची पुढची सभा कधी आहे ते आजच सचिवांना विचारा. त्या सभेआधी गावच्या शाळेत फोन लावा आणि आठवीच्या वर्गशिक्षकांकडून एनएमएमएसला बसू शकतील अशा मुलांची यादी मागून घ्या. सभेत ती मोठ्याने वाचा आणि एकेका नावापुढे 'हे माझं' म्हणून हात वर करा. पहिला हात तुमचा असू द्या.