त्या खाटा गरिबांच्याच आहेत

धर्मादाय रुग्णालय गरिबावर उपकार करत नाही. ते त्याचं देणं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते देणं बुडवलं जातं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गणेश मंडळात, प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत हे मोठ्यानं सांगायची वेळ आली आहे. गरिबाच्या नावावर सवलतीची जमीन घ्यायची, वाढीव चटईक्षेत्र घ्यायचं, आयकरात सूट घ्यायची आणि तोच गरीब दारात आला की त्याला डिपॉझिटच्या खिडकीकडे पिटाळायचं, हा प्रकार आपल्या डोळ्यांदेखत राजरोस चालला आहे.

मी आमच्या वस्तीतल्या आजारी माणसांचे दाखले, रेशनकार्डं, केसपेपर जुळवून देण्याचं काम करतो. कुणाला अपघात झाला, कुणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला की काय घडतं ते मला पाठ आहे. तासाभरात व्हॉट्सॲपवर फोटो आणि क्यूआर कोड फिरायला लागतो. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन घरोघरी जातात. धुणीभांडी करणारी मावशी शंभर रुपये देते, रिक्षावाला दिवसाच्या कमाईतले दोनशे काढतो, पोळ्या लाटणारी ताई भिशीचे पैसे उचलून आणते. संध्याकाळपर्यंत जमलेली ती रक्कम जिथे भरली जाते त्या इमारतीच्या कागदपत्रांवर ‘सार्वजनिक धर्मादाय न्यास’ असं लिहिलेलं असतं. गरिबांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी गोळा करायची आणि ती धर्मादाय संस्थेच्या तिजोरीत नेऊन टाकायची! याहून निलाजरी उलटी गंगा मी पाहिलेली नाही.

कायदा काय सांगतो, ते नीट वाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. त्यातलं कलम ४१ कक धर्मादाय रुग्णालयांवर गरिबांसाठी खाटा राखून ठेवण्याचं बंधन घालतं. त्याच्या अंमलबजावणीची योजना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये मंजूर केली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. त्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत उपचारांना आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. तीनशे खाटांच्या रुग्णालयात हा हिशोब साठ खाटांचा होतो. राज्यात अशी चारशेहून जास्त रुग्णालयं आहेत.

पैसा कुठून आणायचा याचीही सोय त्याच योजनेत आहे. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, निर्धन रुग्ण निधीत, जमा करायची. वर्षाला शंभर कोटींची बिलं करणाऱ्या रुग्णालयात हा निधी दोन कोटींचा होतो. निर्धन रुग्णाला खाट, परिचारिकांची सेवा, जेवण, चादरी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नाहीत. औषधं आणि शरीरात बसवायची उपकरणं खरेदीच्या किमतीला धरायची आणि तो खर्च या निधीतून वळता करायचा. म्हणजे विश्वस्तांना स्वतःच्या खिशात हात घालायलाही कुणी सांगितलेलं नाही. तरीही समाजसेवा विभागात गेलेल्या बाईला जी वागणूक मिळते, ती पाहिली की वाटावं, हे पैसे कुणाच्या तरी वडिलोपार्जित इस्टेटीतून चालले आहेत.

पात्र कोण? इथेच सगळ्यांत मोठी फसवणूक होते. पिवळं कार्ड असलेल्यांनाच हे मिळतं, असं लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे, आणि हा गैरसमज दूर करायची कुणालाच घाई नाही. मोफत उपचारांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला पंधरा हजार. सवलतीसाठी ती ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला तीस हजार. सोसायटीचा वॉचमन, दुकानातला पोऱ्या, घरकाम करणाऱ्या बायका, अंगणवाडी मदतनीस, कंत्राटी सफाई कामगार हे सगळे यात बसतात. आमची जवळजवळ सगळी वस्ती यात बसते. आणि तीच वस्ती मंगळसूत्र गहाण ठेवून बिल भरते.

नकार कसा दिला जातो, तेही सांगतो, कारण तो सरळ तोंडावर कधीच दिला जात नाही. ‘चॅरिटीचे बेड फुल आहेत.’ ‘सोशल वर्कर साहेब सोमवारी येतील.’ ‘आधी तहसीलदारांचा दाखला आणा.’ ‘जनरल वॉर्डात आहे, आयसीयूत नाही.’ ‘तुम्ही डिपॉझिट भरून दाखल झालात, आता योजनेत बसत नाही.’ ही वाक्यं मी इतक्या दारांवर, इतक्या तोंडांतून, त्याच क्रमाने ऐकली आहेत, की ती शिकवलेली आहेत याबद्दल माझी खात्री झाली आहे. लेखी मात्र यातलं एकही मिळत नाही. खाटा भरल्या असतील तर तसं कागदावर लिहून सही करा म्हटलं की समोरच्याचा आवाज बदलतो. आणि मग एखाद्या आमदाराच्या कार्यालयातून फोन गेला की सकाळी भरलेली खाट दुपारी रिकामी होते.

या फोनबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. शिफारसपत्रं देणारे लोकप्रतिनिधी आणि त्यांचे स्वीय सहाय्यक यांना आपण देवमाणसं म्हणतो, त्यांचे आभाराचे फलक चौकात लावतो. अरे, जे कायद्याने मिळायचं होतं त्यासाठी पत्र का लागावं? पत्र लागतं म्हणून मतं बांधली जातात, आणि मतं बांधली जातात म्हणून ही व्यवस्था सुधारावी असं त्यांतल्या कुणालाच मनापासून वाटत नाही. ज्याची ओळख त्याला खाट, असा नियम होऊन बसला, आणि त्यात बंगलेवाल्यांचे नातलगही खोटे दाखले घेऊन घुसले. ज्याच्यासाठी योजना केली तो फाटकाबाहेर, आणि ओळखीचा आत.

आणीबाणीच्या रुग्णाचा नियम तर आणखी स्पष्ट आहे. अत्यवस्थ निर्धन रुग्ण आला की त्याला ताबडतोब दाखल करायचं, जीव वाचवणारे उपचार करायचे आणि डिपॉझिट मागायचं नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस पुण्यात एका महिलेचा प्रसूतीनंतर मृत्यू झाला आणि अनामत रकमेच्या मागणीवरून राज्यभर संताप उसळला. आंदोलनं झाली, चौकशी समित्या बसल्या, नवे आदेश निघाले. हा नियम तेव्हा अठरा वर्षांहून जुना होता. अठरा वर्षं तो न पाळणाऱ्यांना कुणी हात लावला नाही, म्हणूनच प्रत्येक वेळी एखादा जीव गेल्यावर नवा आदेश काढावा लागतो.

रुग्णालयवाले म्हणतात, खर्च वाढले, निधी पुरत नाही. काही छोट्या, खरोखर सेवाभावी रुग्णालयांच्या बाबतीत हे खरं आहे, आणि त्यांचं ओझं सरकारनं उचललं पाहिजे. पण आलिशान लॉबी आणि सूटच्या दर्जाच्या खोल्या असलेल्यांनी ही तक्रार करायची असेल, तर त्यांनी आधी हिशोब मांडावा. निधीत या महिन्यात किती जमा झाले, किती खर्च झाले, कुणावर झाले, हे दर्शनी भागात लावावं. निधी आटलेला असेल तर कागदच बोलेल. हिशोब लपवून टंचाईचं रडगाणं गाणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेकडे बोट दाखवणंही बंद करा. ती योजना सरकारच्या पैशाची आहे. तिने तुमचं देणं माफ होत नाही.

दानाची मोठी परंपरा या भूमीत होऊन गेली आहे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये पुण्याचं ससून. तिथे आजही गरीब माणूस उपचार घेतो. गाडगेबाबांनी लोकांकडून पै-पै गोळा केली आणि धर्मशाळा बांधल्या. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. त्यांनी घेतलं थोडं आणि दिलं सगळं. आजच्या अनेक विश्वस्तांनी घेतलं सगळं आणि द्यायच्या वेळी ते नियमांची पळवाट शोधत बसले. त्यांनी या परंपरेचं नाव घेऊ नये.

मला भीक नको, नवी योजना नको, नवी समिती तर मुळीच नको. आहे ते पाळा. रुग्णालयाच्या दारावर रोजच्या रिकाम्या राखीव खाटांचा आकडा मराठीत, ठळक अक्षरांत लावा. रेशनकार्ड पाहून आधी दाखल करा, दाखल्यासाठी मागून मुदत द्या. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या, खाली नाव आणि सही घाला. निधीचा हिशोब दर महिन्याला जाहीर करा. आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाने तक्रार येण्याची वाट न पाहता स्वतः वॉर्डात जाऊन खाटा मोजाव्यात. जे रुग्णालय हे करणार नाही, त्याच्या सवलती काढून घ्या. सवलत चालू आणि अट बंद, हा व्यवहार जनतेनं कधीच मान्य केलेला नव्हता.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. तुमची माणुसकी खरी आहे, तुमच्यामुळे आजवर कितीतरी जीव वाचले. पण पुढच्या वेळी क्यूआर कोड फिरवण्याआधी रुग्णालय धर्मादाय आहे का, ते विचारा. असेल तर नातेवाइकाला एकट्याला पाठवू नका, पाच-दहा जण रेशनकार्ड घेऊन जा. समाजसेवा विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार दिला तर तो लेखी मागा. तो मिळाला नाही तर त्याच दिवशी धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा. ज्या पैशांवर आपला आधीच हक्क आहे, ते पुन्हा आपल्याच गल्लीतून गोळा करू नका.