पाटी आणि हात

सायकलवरून परमुलखात हिंडणारा प्रवासी सायकलच्या दुकानात दोन कारणांनी शिरतो. काहीतरी मोडले म्हणून तरी, किंवा सायकल जिथे घडते ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून तरी. पहिल्या प्रसंगी घाई असते आणि दुसऱ्या प्रसंगी कुतूहल. परंतु दोन्ही वेळी त्याच्यापुढे उभा राहणारा प्रश्न एकच असतो. हे दुकान खरोखर चांगले आहे, की नुसते नावाजलेले?

व्यापारी कुटुंबातील वाचकांना या प्रश्नाची दुसरी बाजूही लगेच दिसेल. वाटसरू हे मोठे चमत्कारिक गिऱ्हाईक असते. आज दारात उभे आहे ते उद्या शंभर किलोमीटर पुढे गेलेले असणार. त्याच्या नावाचे खाते नाही, पुढच्या वर्षी ते पुन्हा येईल ही आशा नाही, आणि फसवणूक झाली तरी गावात ते कोणाजवळ गाऱ्हाणे घालणार नाही. शिवाय ते अडलेले असते. दुपार कलते आहे, मुक्कामाचे गाव दूर आहे आणि मागचे चाक फिरत नाही, अशा मनुष्याकडून वाटेल तो भाव घेता येतो. म्हणूनच दुकानाची पारख करण्यास वाटसरूइतकी चांगली संधी कायमच्या गिऱ्हाइकालाही मिळत नाही.

ही पारख करण्यास उत्तर इटलीतील मिलान शहर आणि तेथून कोमो सरोवराकडे जाणारा मुलूख यांच्याइतका योग्य प्रदेश क्वचितच सापडेल. शर्यतीच्या सायकलींचा धंदा येथे शंभराहून अधिक वर्षे नांदतो आहे. एदोआर्दो बियांकी याने १८८५ साली मिलानमध्येच आपला कारखाना काढला. त्यानंतर या शहरात आणि आसपासच्या गावांत लहान लहान कार्यशाळा उभ्या राहिल्या. बहुतेकांचा मालक हाच मुख्य कारागीर, आणि दुकानाचे नाव म्हणजे त्याचे आडनाव. अलीकडे सरोवराकाठच्या सहलीला जाणारी आपल्याकडची तरुण मंडळीही तेथे चार दिवस सायकल भाड्याने घेऊ लागली आहेत. त्यांनी पाटी वाचून दुकान निवडले, तर मात्र त्यांची फसगत होण्याचा संभव आहे. कारण या धंद्यात पाटीवरचे नाव आणि पाटीमागचा हात यांची ताटातूट फार पूर्वीपासून होत आली आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मासी घराण्याचे. मिलानमध्ये विगोरेल्ली नावाचे सायकल शर्यतीचे क्रीडागार आहे. ते १९३५ साली उघडले. त्याची लाकडी धावपट्टी एके काळी जगातील सर्वांत वेगवान मानली जाई. फाउस्तो कोप्पी याने १९४२ साली, ऐन युद्धकाळात, एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम याच धावपट्टीवर केला. (१९६५ साली बीटल्स या गायकमंडळींचा कार्यक्रमही येथेच झाला होता. मिलानचा एखादा वृद्ध मनुष्य दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाने सांगेल.) या क्रीडागाराच्या प्रेक्षकसज्ज्याखालच्या गाळ्यांत फालिएरो मासी याची कार्यशाळा होती. लोक त्याला ‘शिंपी’ म्हणत. स्वाराची उंची, मांडीची लांबी, हातांचा आवाका मोजून त्याच्या अंगाबरहुकूम पोलादी नळ्यांचा सांगाडा बेतायचा, हे त्याचे काम.

कोप्पी, आंकतिल, मर्क्स अशा मोठमोठ्या स्वारांनी मासीच्या हातच्या सायकली वापरल्या. मात्र त्यांपैकी कित्येकांवर मासीचे नाव नसे. स्वाराच्या संघाला पैसे पुरवणारी कंपनी वेगळी असे. सांगाडा मासीने जोडायचा, त्यावर रंग आणि नाव त्या कंपनीचे चढायचे, आणि जिंकल्याचे श्रेय पाटीला मिळायचे, असा हा व्यवहार होता. त्यात लबाडी होती असे म्हणता येणार नाही, कारण सर्व पक्षांना तो ठाऊक होता. मिलानमधील जाणते गिऱ्हाईक मात्र रंगाकडे न पाहता सांध्यांकडे पाही.

पुढे जे घडले ते पेढी चालवणाऱ्या कोणालाही विचारात पाडील. १९७०च्या दशकाच्या आरंभी फालिएरोने आपले नाव एका अमेरिकी उद्योजकाला दिले आणि तो स्वतः काम उभे करून देण्यासाठी कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे गेला. मुलगा आल्बेर्तो मिलानमध्येच राहिला आणि त्याने विगोरेल्लीखालची कार्यशाळा पुढे चालवली. परिणाम असा झाला की वडिलांकडून हात मुलाला मिळाला आणि नाव मात्र समुद्रापार गेले. अमेरिकेत ‘मासी’ या नावाने सायकली विकण्याचा हक्क दुसऱ्यांकडे राहिला, आणि त्याच आडनावात जन्मलेल्या, त्याच गाळ्यात शिकलेल्या मुलाच्या सायकली तेथे ‘मिलानो ३ व्ही’ या नावाने विकल्या गेल्या. ‘३ व्ही’ हे त्याने स्वतः योजलेल्या जाड नळ्यांच्या सांगाड्याचे नाव. वाटण्यांत दुकान एका भावाकडे आणि गोदाम दुसऱ्याकडे गेल्याचे दाखले आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पण स्वतःचे आडनावच परक्या बाजारात वापरता येऊ नये, हे दुःख काही निराळेच. फालिएरोचा निर्णय चुकीचा होता असे सहज म्हणता येईल. तथापि कारागिराच्या नावाला चांगली किंमत देणारा मनुष्य आयुष्यात एकदाच दारात येतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

मिलानच्या ईशान्येस सुमारे २५ किलोमीटरवर काम्बियागो नावाचे गाव आहे. एर्नेस्तो कोल्नागो याने १९५४ साली येथे आपले लहानसे दुकान काढले, आणि त्याचे नशीब उघडले ते दुरुस्तीच्या एका कामाने. फिओरेंझो मान्यी हा त्या काळचा प्रसिद्ध स्वार. त्याचा पाय दुखत होता आणि कारण सापडत नव्हते. कोल्नागोने सायकल पाहिली, आणि पेडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी खीळ नीट बसलेली नाही हे त्याच्या लक्षात आले. त्याने ती बसवून दिली. मान्यीने त्याला आपल्या संघाचा मेकॅनिक म्हणून बरोबर घेतले, आणि त्याच वर्षी, १९५५ साली, इटलीची सर्वांत मोठी शर्यत मान्यीने जिंकली. एका खिळीपासून वाढलेल्या या पेढीचे बहुतांश भांडवल २०२० साली अबू धाबीतील एका गुंतवणूक कंपनीने घेतले.

पाटी आणि हात यांचा खेळ याही घराण्यात दिसतो. १९७२ साली एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ती सायकल कोल्नागोने बांधली होती. वजन सहा किलोपेक्षाही कमी. तिच्यावर नाव मात्र ‘विंडसर’ या मेक्सिकोच्या कंपनीचे होते. ती सायकल आज ब्रुसेल्सच्या भुयारी रेल्वेत, मर्क्सचेच नाव दिलेल्या स्थानकावर, काचेआड ठेवलेली आहे.

कुझानो मिलानिनो येथील दे रोझा ही पेढी १९५३ची. संस्थापक उगो दे रोझा २०२३ साली वारला. त्याच्या मुलांनी वडिलांच्या हयातीतच काम हाती घेतले होते, त्यामुळे येथे नाव आणि घराणे यांची फारकत झाली नाही. मिलान शहरातच कोर्सो गारिबाल्दी या रस्त्यावर रोसिन्योली हे १९००पासूनचे कौटुंबिक दुकान आहे. तेथे विक्रमवीरांच्या कथा कमी ऐकायला मिळतील, पण शहरात रोज वापरायची साधी सायकल पाहायची असेल तर हेच दुकान अधिक उपयोगाचे.

आता दुरुस्तीसाठी दुकान शोधणाऱ्या प्रवाशाविषयी. इटलीत हा शोध घड्याळ पाहून करावा लागतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास बहुतेक लहान दुकानांचे शटर खाली येते ते तीन-साडेतीनपर्यंत वर जात नाही. सोमवारी सकाळीही अनेक दुकाने बंद असतात, आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे मालक सहकुटुंब सुटीवर गेलेला असतो. आपल्या पेठांतील दुपारची विश्रांती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. अशा वेळी प्रवाशाने ज्या वस्तूवाचून पाऊल हलणार नाही ती घरूनच न्यावी. त्यांत पहिला मान मागच्या गियरला सांगाड्याशी जोडणाऱ्या छोट्या हँगरचा. सायकल पडली तर सांगाड्याऐवजी तोच वाकावा अशी त्याची रचना असते. पण प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळा, आणि कोणताही दुकानदार सगळे नमुने बाळगत नाही.

दुकानासमोर पोहोचल्यावर काचेतल्या चकचकीत मालाकडे न पाहता दारात दुरुस्तीसाठी कोणाच्या सायकली उभ्या आहेत ते पाहावे. पुढे टोपली लावलेली, गंजलेली, शेजारच्या आजीबाईंची सायकल तेथे असेल, तर निर्धास्तपणे आत शिरावे. ज्या दुकानात सर्व सायकली नव्या आणि शर्यतीच्याच दिसतात, तेथे पंक्चरचे काम बहुधा कोणालाच नको असते.

आत गेल्यावर कारागीर पाना उचलण्यापूर्वी काय करतो ते पाहावे. याबाबत इटलीत एक जुनी मेख आहे. पेडलचा आस ज्या वाट्यांमध्ये फिरतो त्या बीबीच्या वाट्यांचे आटे जुन्या इटालियन सांगाड्यांत दोन्ही बाजूंना उजवे असतात. इंग्रजी पद्धतीच्या सांगाड्यांत चेनच्या बाजूचा आटा डावा असतो. बाहेरून आणलेल्या सायकलीवर सवयीने इटालियन पद्धतीचा जोर लावला, तर सैल व्हायची वाटी अधिकच आवळते, आणि आटा गेला तर सांगाडाच हातचा जातो. चांगला कारागीर आधी फडक्याने वाटी पुसून तिच्यावर कोरलेले आकडे वाचतो. ३६×२४ असेल तर इटालियन. हे वाचण्यास अर्धे मिनिट लागते, आणि त्या अर्ध्या मिनिटात प्रवाशाला त्या दुकानाविषयी बरेच काही कळते.

दुसरी खूण याहून सोपी. “हे बदलण्याची गरज नाही” असे वाक्य ज्या दुकानात ऐकू येते, तेथे जे बदलायला सांगतील ते खुशाल बदलावे. घासलेले ब्रेकचे ठोकळे बदलायचे, चेन मात्र अजून पाचशे किलोमीटर चालेल, असा भेद करून सांगणाऱ्याने त्या क्षणी एका चेनेचा नफा सोडलेला असतो. इटलीच्या शहरांत चिक्लोफ्फिचिना नावाच्या सार्वजनिक कार्यशाळाही असतात. तेथे सामायिक हत्यारे वापरून ज्याने त्याने आपली सायकल दुरुस्त करायची असते, आणि जाणते लोक शेजारी उभे राहून वाट दाखवतात. हात काळे करण्याची तयारी असणाऱ्याने त्या चुकवू नयेत.

प्रवाशाच्या बाजूनेही काही रीत आहे. जिथे सायकली घडवल्या जातात अशा कार्यशाळेत आगाऊ विचारल्यावाचून जाऊ नये; सांधा जोडणाऱ्या मनुष्याचे लक्ष ज्योतीवर असते. विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. आणि नुसते पाहण्यासाठी गेल्यास निदान एक ट्यूब विकत घेऊन निघावे. त्या घराण्याचे तासभर खर्च झालेले असतात.

सरोवराकाठच्या बेलाजो गावातून सुमारे दहा किलोमीटरचा चढ चढून गेले की ७५४ मीटर उंचीवर गिसाल्लोच्या मातेचे छोटे देवालय लागते. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली तिला सायकलस्वारांची रक्षक म्हणून घोषित केले. आत भिंतींवर कोप्पी, बार्ताली, मर्क्स यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. याच परिसरातील फाबियो कासार्तेल्ली हा तरुण १९९५ साली फ्रान्सच्या शर्यतीत उतारावर पडून मरण पावला. त्याची मोडलेली सायकलही तेथे आहे, आणि तिच्यासमोर लोक फार वेळ उभे राहतात. शेजारी २००६ साली संग्रहालय झाले, ते मान्यीच्याच खटपटीने.

तेथून पलीकडच्या उताराने असो गावी यावे. मिलानला जाणारी आगगाडी तेथूनच सुटते. शेवटचे काम उरते ते सायकल विमानात घालण्याचे, आणि त्यासाठी पुन्हा दुकानातच जावे लागते. कारण नव्या सायकली ज्यातून येतात ती रिकामी पुठ्ठ्याची खोकी दुकानदाराकडे पडून असतात. बहुतेक जण ती देतात. कोणी थोडे पैसे घेतो, कोणी घेत नाही. पुढचे चाक काढल्यावर चिमट्याची दोन टोके मोकळी राहतात आणि सामानाच्या ढिगाऱ्यात दबून वाकतात, म्हणून नव्या सायकलींबरोबर त्या टोकांमध्ये बसवायचा प्लास्टिकचा एक तुकडा येतो. दुकानदाराला त्याचा काही उपयोग नसतो. बहुधा तो केरात जातो. एखाद्या दुकानात मात्र खोके देणारा मनुष्य न मागता मागे जातो, खोक्यांच्या राशीत हात घालतो, तो तुकडा शोधून आणतो आणि प्रवाशाच्या हातावर ठेवतो.