कडेवरचे बाळ दिवसभर काय खाते?

आपल्या कोणत्याही वस्तीत सकाळी आठनंतर एक चक्कर मारून पाहा. नाक्यावर जाणारे नाक्यावर गेलेले असतात. धुणीभांडी करणाऱ्या बाया दुसऱ्या-तिसऱ्या घरी पोचलेल्या असतात. खेड्यात खुरपणीची टोळी रानात उतरलेली असते. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि कडेवर लहान भावंड घेऊन उभी असलेली आठ-दहा वर्षांची एखादी पोर. बाळाच्या हातात चहात बुडवलेले बिस्किट असते. आई परत येईपर्यंत बहुतेक तेच त्याचे जेवण.

आज बोलायचे आहे ते या बाळाबद्दल, आणि त्याला सांभाळण्यासाठी शाळा बुडवणाऱ्या त्या पोरीबद्दलही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ मुले कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांत सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. कुपोषण म्हटले की आपल्याला मेळघाट आठवतो. हे आकडे मेळघाटाचे नाहीत. मुंबई-पुणे-नागपूर धरून सगळ्या राज्याचे आहेत. आणि यातली मुले कुणाच्या घरची असणार, हे रोजंदारीवर जगणाऱ्याला सांगायला नको.

मूल खुजे राहते ते बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच. त्याची सुरुवात आईच्या पोटात होते. जन्मानंतरचे पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे आणि पहिला चीक फेकू नये, हे आता आपल्या बहुतेक बायांना ठाऊक आहे. घसरण होते ती सहाव्या महिन्यानंतर. तेव्हा नुसते दूध पुरत नाही, आणि नेमके त्याच सुमारास आई कामावर परतते.

मग बाळाला काय मिळते? वरणाचे पाणी, भाताची पेज, चहा-बिस्किट, आणि रडायला लागले की पाच रुपयांची कुरकुरीत पुडी. वरणाच्या पाण्यात डाळ किती असते? डाळ राहते पातेल्याच्या तळाशी. बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे. ते पाण्याने भरले की भूक मेल्यासारखी वाटते, पण अंगाला काही लागत नाही. म्हणून बाळाचे जेवण घट्ट हवे. चमच्यातून ओघळून पडले तर ते पातळ आहे असे समजा. मऊ खिमट, त्यात चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट, कुस्करलेले उकडलेले अंडे, शेवग्याचा कोवळा पाला, भाजून कुटलेला जवळा. यातले काहीही डॉक्टरच्या दुकानातून आणावे लागत नाही.

शिकलेल्या लोकांनी या प्रश्नाचे एक सोपे उत्तर शोधून ठेवले आहे : आई अडाणी आहे, तिचे प्रबोधन करा. मला हे उत्तर पटत नाही. वर्षाच्या बाळाला दिवसातून चार-पाच वेळा भरवावे लागते. एकेका वेळेला मांडीवर घेऊन, गोडीगुलाबीने, अर्धा तास जातो. नाक्यावर उभी राहणारी बाई हा वेळ कुठून आणणार? तिला माहिती कमी नाही, तिला तास कमी आहेत. आणि तिच्या जागी जी भरवते ती स्वतःच पोर आहे. तिचे लक्ष खेळात जाणारच. शिवाय तिची शाळा बुडते ती वेगळीच. एका बाळाच्या भुकेपायी आपली दोन मुले मागे पडतात. मुलगी चौथी-पाचवीत गळाली की आपण म्हणतो, तिला अभ्यासात गोडी नव्हती!

अंगणवाडी आहे की, असे कुणी म्हणेल. आहे, आणि तिचे मोल मोठे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत ही योजना सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून फुकट आहार हा हक्कच करून टाकला. रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि कुपोषित मुलाला ८०० कॅलरी असे माप त्यात ठरले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईचाही त्यात हक्क आहे. पण बारकाईने पाहा. तीन वर्षांवरच्या मुलाला अंगणवाडीत बसवून गरम जेवण मिळते. तीन वर्षांखालच्याला मिळते घरी न्यायचे पाकीट. ते पाकीट शिजवणार कोण आणि भरवणार कोण? आई कामावर. मग ते सगळ्या घरात वाटले जाते, नाहीतर चव आवडली नाही म्हणून शेळीपुढे जाते. सर्वात जास्त ज्याला गरज, त्याच्याच ताटाशी योजना येऊन थांबते.

रेशनचेही तसेच. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागले. चूल पेटते, हे खरे. पण त्यात डाळ नाही, तेल नाही, अंडे नाही. नुसत्या भातावर मूल वाढत नाही.

कामकरी आईची ही ओढाताण बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखली होती. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, आणि तिच्या कामावर नफा कमावणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, तो कायदा झाला. पुढे कारखान्यांना पाळणाघराची अट आली. १९९६ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असतील अशा बांधकामांनाही ती लागू केली. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मालक कोण? चार घरे, चार मालकिणी. रोज नवा मुकादम गाठणाऱ्या बाईने पाळणाघर मागायचे कुणाकडे?

इथेच वस्तीचे काम सुरू होते. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था आहे. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी ती उभी केली. तिथल्या गावांत त्यांनी ‘फुलवारी’ चालू केली. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, एका घरात किंवा ओट्यावर, गावातल्याच बायांच्या हवाली. दहाएक मुलांमागे एक बाई. आई रानात जाताना मूल सोडते, येताना घेऊन जाते. मधल्या वेळेत सत्तू आणि तेल घातलेली खिचडी. यात यंत्र नाही की औषध नाही. भरवणारा हात आणि पुरेसा वेळ, एवढेच. मोठी बहीण शाळेत जाऊ लागते, हा त्यातला दुसरा लाभ. मला तो पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

आपल्याकडे हे होईल का? जागेचा प्रश्न तर आपल्याला नाहीच. बहुतेक वस्तीत विहार आहे, नाहीतर समाजमंदिर आहे. सकाळी-संध्याकाळी वंदना होते, पौर्णिमेला गर्दी होते, बाकी दिवसभर कुलूप. कुणी म्हणेल, वंदनेच्या जागी पोरांनी घाण करायची काय? त्यांना आळवी गावची कथा सांगावी. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उपाशीपोटी तथागतांच्या सभेत आला. तथागतांनी आधी त्याला जेवायला वाढायला लावले आणि मग धम्मदेसना सुरू केली. तेव्हाही काही भिक्खूंनी कुरकुर केलीच होती!

पैशाचा हिशेब मांडू. पंधरा मुले, रोज एक अंडे, अंडे ७ रुपयांचे धरले आणि महिन्याचे २६ दिवस, तर २,७३० रुपये. तांदूळ-डाळ-तेल-शेंगदाणे मूठ-मूठ घरोघरचे. वस्तीतल्या ज्या दोन बाया हे काम करतील त्यांना मानधन हवेच. फुकट राबवून घेण्याची पद्धत आपण तरी चालू ठेवू नये. ते आयांनी आणि मंडळाने मिळून द्यावे. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेला किती मोजले, ते मंडळाच्या वहीत लिहिलेले असते. जयंती जोरात व्हावी, माझी हरकत नाही. तिच्या वर्गणीतला चौथा हिस्सा या कामाला काढा, एवढेच म्हणणे. अंड्यावर कुणी नाक मुरडले तर मुरडू द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा शासकीय खर्च थांबवून शाळांना लोकवर्गणी काढायला सांगितले. गरिबाच्या पोराच्या ताटातली सर्वात स्वस्त आणि चांगली वस्तू आधी निघते, हे लक्षात असू द्या.

वजन दर महिन्याला झालेच पाहिजे. पहिल्या वर्षाअखेर बाळाचे वजन जन्माच्या वजनाच्या तिप्पट व्हायला हवे. अंगणवाडी सेविकेकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित. त्याला घरच्या खिमटावर ठेवू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. पायांवर सूज असेल तरीही न्या. सेविकेशी भांडण नको, तीही तुटपुंज्या मानधनावर राबते. पण रजिस्टरमध्ये आपल्या बाळाचे वजन काय लिहिले आहे ते विचारायला लाजू नका.

आणि अंगणवाडीच नसेल तर? १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे : ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. त्याआधी ऑक्टोबर २००४ मध्ये, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या प्राधान्याने उघडाव्यात असेही न्यायालयाने सांगितले होते. ही गरज उगीच पडली नव्हती. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या पाचशेहून अधिक गावांत केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. रेशन दुकान आणि शाळेचे जेवण सवर्ण आळीत असले की दलितांचे पोर तिथवर पोचत नाही किंवा पोचून अपमान घेऊन परतते, असे त्यात दिसले. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता. पण अंगणवाडी कुणाच्या आळीत आहे, हा प्रश्न आपल्याही गावात विचारून पाहा.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे करा. सोबत सहा वर्षांखालच्या मुलांची नावे, जन्मतारखा आणि घराचा पत्ता अशी यादी जोडा. यादी महिला मंडळाने स्वतः फिरून करावी. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली आहे, तिचीही मागणी त्याच अर्जात घाला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची नावे वेगळी लिहा. दिवाळीनंतर ही मुले पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर असतात, आणि गावच्या रजिस्टरमध्ये नाव असून पोटात काही नसते. अर्जाची पोच घ्या. एक प्रत विहारात लावा.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत मुले थांबत नाहीत, तेव्हा खिचडीची सुरुवात त्याच आठवड्यात करता येईल. त्याआधी विहाराची किल्ली कुणाकडे असते आणि तो सकाळी सातला उठतो का, तेवढे विचारून ठेवा.