जायज आहे, पण जोखीम?

सॅनिटायझर लावून नमाज होते का? कोरोनाच्या काळात हा प्रश्न आपल्याकडे शेकडो वेळा विचारला गेला, आजही विचारला जातो. खरे तर त्याचे उत्तर आधीच मिळालेले होते. मक्केतील मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह परिषदेने २००२ सालीच जंतू मारण्यासाठी आणि जखम पुसण्यासाठी अल्कोहोल बाहेरून वापरायला परवानगी दिली. द्राक्षे-खजुरांपासून न बनलेले अल्कोहोल अंगाला लावण्यास अनेक हनफी उलेमांचीही हरकत नाही. आपल्याकडे तर ते उसाच्या मळीपासूनही बनते.

मग आपण दुसरा प्रश्न का विचारत नाही? जे जायज आहे, ते निर्धोक आहे का?

लेकराला ताप चढला की आजही काही घरांत अंगाला स्पिरिट चोळतात. ते त्वचेतून आणि श्वासातून रक्तात जाते. लहान मुलांची साखर एकदम उतरल्याच्या, मुले बेशुद्ध पडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. "आमच्या दादीने हेच केले, काही झाले नाही," असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की जे मूल वाचले त्याचीच गोष्ट घरात सांगितली जाते. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टर, एवढे पुरे.

स्वस्तात मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या बाटलीत मिथेनॉल असू शकते. तेही त्वचेतून शरीरात जाते आणि डोळे घालवते. उघड्या जखमेवर स्पिरिट ओतल्याने जखम भरून येणाऱ्या पेशीच मरतात. तिथे साबण-पाणी बरे. आणि हात ओला असताना शेगडीजवळ जाणे म्हणजे आगीला आमंत्रण.

याचा अर्थ अल्कोहोल वाईट असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या ८० टक्के इथेनॉलच्या द्रावणाने हात चोळावेत आणि वाळू द्यावेत. धडधाकट त्वचेला त्याने फार तर कोरडेपणा येतो.

जीवाचे रक्षण हे शरीयतच्या पाच मूळ उद्दिष्टांपैकी एक आहे. मग जुम्याच्या बयानात अल्कोहोल पाक की नापाक यावर अर्धा तास जातो, तिथे तापलेल्या मुलाला स्पिरिट चोळू नका, एवढे एक वाक्य का बसत नाही? इमामसाहेबांना ते माहीत नसेल, तर मोहल्ल्यातल्या डॉक्टरला पाच मिनिटे माइक द्या. फतवा हाताची पाकी सांगेल. बाटलीत काय आहे आणि ते कुणाच्या अंगाला लावायचे, हे आपल्यालाच बघावे लागेल.