फोटोवाले, जरा बाजूला!

शहरातल्या एका कलादालनात चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन होतं. समई, रांगोळी, पेढ्यांचा पुडा आणि पाऊण तास उशिरा आलेले प्रमुख पाहुणे. त्यांनी मेणबत्ती हातात घेतली, वाकले, मी डोळा लावला, तोच मागून हुकूम आला, "ओ फोटोवाले, जरा बाजूला. सरांना दिसत नाहीये." मी बाजूला झालो आणि फोटो हुकला. मग पाहुण्यांना पेटलेल्या वातीला पुन्हा मेणबत्ती लावायला सांगून तो काढला. दुसऱ्या दिवशी तोच छापून आला. बातमीत चित्रकाराचं नाव होतं, पाहुण्यांचं होतं, सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंचंही होतं.

माझं नव्हतं याचं आता काही वाटत नाही, तीस वर्षांत कातडी निबर झाली. पण त्या संध्याकाळी चहा घेताना एका ज्येष्ठ रसिकांनी जे ऐकवलं ते डोक्यातून जाईना. ते म्हणाले, "तुम्हा लोकांना आता संधींचा काय तोटा? आठवड्याला एक स्पर्धा असते. प्रत्येक महोत्सवात तुम्हाला पहिल्या रांगेच्याही पुढे फिरायला मिळतं, तेही फुकट. शिवाय हल्ली ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा आहे. आणखी काय हवं?"

हा पूर्वपक्ष. त्यातलं एकही विधान खोटं नाही. निष्कर्ष तेवढा उलटा आहे. पुण्यात काय, कोल्हापुरात काय, नाशकात काय, छायाचित्रकार प्रत्येक कार्यक्रमाला असतो, कार्यक्रमात नसतो. आणि या दोन विभक्तिप्रत्ययांतला फरक ना आयोजकांना दिसतो, ना, खरं सांगायचं तर, आमच्यातल्या बहुतेकांना.

आधी स्पर्धा. मी स्वतः सलोनच्या वाटेनं आलोय, घरात पदकांचा डबा आहे, त्यामुळे ही द्राक्षं आंबट म्हणायची सोय मला नाही. सलोन म्हणजे प्रवेशशुल्क भरायचं, चार विभाग, विभागाला चार फोटो, मग परीक्षकांचे गुण आणि ‘ॲक्सेप्टन्स’. असे ॲक्सेप्टन्स साठवत गेलं की ‘फियाप’ या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाचं मानांकन मिळतं आणि नावापुढे अक्षरं लागतात. यातून शिस्त येते हे नाकारत नाही. कडा स्वच्छ ठेवायची, पार्श्वभूमी तपासायची सवय मला तिथेच लागली. पण परीक्षकांसमोर एक फोटो काही सेकंदच टिकतो. त्या काही सेकंदांत जो ओरडतो तो निवडला जातो, जो हळू बोलतो तो जातो. परिणाम पाहायचा असेल तर सोमवतीला जेजुरीला जा. भंडारा उधळायच्या आधी तटावर, कमानीवर, पायऱ्यांवर शे-दीडशे कॅमेरे एकाच कोनात रोखलेले असतात. दरवर्षी तोच पिवळा ढग, तेच दोन वर केलेले हात. एकदा माझ्या शेजारचा एक तरुण एका म्हाताऱ्या भक्ताला सांगत होता, "काका, अजून एक मूठ उधळा ना, तोंड वर करून." काकांनी पिशवी उलटी करून दाखवली. भंडारा संपला होता. त्या रिकाम्या पिशवीचा फोटो त्या तटावर कुणीच काढला नाही, मीसुद्धा नाही.

स्पर्धेत छायाचित्रकार पैसे देतो आणि परीक्षण होऊन घरी जातो. ना त्याला प्रेक्षक भेटतो, ना ज्याचा फोटो काढला त्याला फोटो भेटतो. परीक्षेला कुणी नोकरी म्हणत नाही. मग स्पर्धेला संधी का म्हणायचं?

दुसरा मुद्दा ‘नाव होतं की!’ हा. महोत्सवाचा फोन येतो. बजेट नाही, पण पास देतो, चहा-नाश्ता देतो, फोटो आमच्या पेजवर टाकू. हेच आयोजक मांडववाल्याला पेजवर टाकू म्हणत नाहीत. माईकवाल्याला, तबलजीला, अगदी हारवाल्यालाही रोख पैसे मिळतात, कारण ते मिळाले नाहीत तर हार येणार नाही. आमचा फोटो मात्र येतोच, हे त्यांना ठाऊक आहे. दोष त्यांचा जेवढा, तेवढाच आमचा.

गंमत पुढे आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, असं स्वच्छ लिहिलंय. कलम 17 म्हणतं, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिली मालकी मोबदला देणाऱ्याची. म्हणजे पैसे दिलेच नाहीत, तर मालकी जाते कुठे? कुठेच जात नाही, काढणाऱ्याकडेच राहते. ज्या आयोजकांना वाटतं की फुकट काढून घेतले म्हणून फोटो आपले झाले, त्यांनी नेमकी मालकी घालवलेली असते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो पाचच वर्षांपुरता धरला जातो. आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यावरसुद्धा कर्ता म्हणून नाव सांगायचा अधिकार उरतो. फोटोखालचं नाव ही आयोजकांची मेहेरबानी नाही. हे मला कळायला वीस वर्षं लागली, कारण मी कॅमेऱ्याची पुस्तिका पाठ केली होती, कायदा उघडून पाहिला नव्हता. आता काम घेताना अर्ध्या पानाचं पत्र पाठवतो. त्यात किती फोटो, कशासाठी, किती पैसे आणि नाव कुठे, एवढंच असतं. त्यामुळे दोन-तीन ठिकाणची बोलावणी बंद झाली. त्या संध्याकाळी मी आता घरी जेवतो.

तिसरा मुद्दा मोबाइलचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो, कारण तो आमच्याच बाजूने साक्ष देतो. लोक म्हणतात, सगळेच फोटो काढतात, आता तुमचा फोटो बघणार कोण? मी माझ्या प्रदर्शनात आठ दिवस खुर्ची टाकून बसलो होतो. काचेत ट्यूबलाइट दिसत होती, नायलॉनचा दोरा एका फ्रेमला दगा देत होता, हे सगळं सोडा. पूर्वी लोक विचारायचे, "कॅमेरा कुठला?" या वेळी एक रिक्षावाले दादा थांबले आणि म्हणाले, "एवढ्या अंधारात पखवाजवाल्याचा हात हललेला आणि चेहरा स्थिर, हे कसं जमलं? माझ्या फोनमध्ये दोन्ही हलतं." अंधारात काढलेला फोटो हलतो हे ज्यानं स्वतः भोगलंय, तोच हा प्रश्न विचारू शकतो. दहा वर्षांपूर्वी असा प्रेक्षक नव्हता. तो आला तो मोबाइलमुळेच. त्याला बोलवायला दारं कमी पडतायत, इतकंच.

दारं म्हणजे काय? मुंबईचं जहांगीर कलादालन म्हणजे स्वर्ग, असं इथं अजून मानलं जातं. तिथे वरच्या मजल्यावरच्या टेरेस गॅलरीत फोटो लागतात, पण तारखेसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. वाट पाहावी, माझी हरकत नाही. पण तोवर गावात काहीच करायचं नाही, हे कुणी ठरवलं? 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी त्यात होते. हे तंत्र युरोपात जाहीर होऊन तेव्हा पंधराच वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. कुठल्या गॅलरीने बोलवावं म्हणून ही माणसं थांबली नव्हती.

ढाक्यात 2000 साली ‘छोबी मेला’ हा छायाचित्र महोत्सव सुरू झाला. शहिदुल आलम यांच्या ‘दृक’ संस्थेने फोटो सायकल-रिक्षाच्या व्हॅनवर चढवून वस्त्यांतून फिरवले. चेन्नईच्या फोटो बिनालेने रेल्वे स्थानकासारख्या सार्वजनिक जागा धरल्या. ‘गोवाफोटो’ने तर गावातल्या राहत्या घरांत प्रदर्शन मांडलं. आणि लांब कशाला जा? पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात सतीश पाकणीकर यांची गायक-वादकांची प्रकाशचित्रं लागतात. मध्यंतरात वडापाव हातात घेऊन लोक भीमसेनजींच्या चेहऱ्यासमोर उभे राहतात. ज्यांनी आयुष्यात कधी कलादालनाची पायरी चढलेली नसते, ते तिथे दहा-दहा मिनिटं हलत नाहीत. त्या मांडवात गाणं मुख्य आहे, हे कुणी नाकारत नाही. पण फोटोही कार्यक्रमात आहे, नुसता कार्यक्रमाला नाही.

माझी मागणी अनुदानाची नाही. ज्या संस्था वर्षानुवर्षं आपले कार्यक्रम करतात, त्यांनी दरवर्षी एका छायाचित्रकाराला पैसे देऊन नेमावं आणि पुढच्या वर्षी त्याच जागेत त्याचं काम लावावं. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. तिथे पहिल्यांदा उभी राहिलेली किती पोरं पुढे मोठी झाली! त्यांच्या त्या पहिल्या घामाचे फोटो आज कुणाच्या तरी माळ्यावर, निगेटिव्हच्या पाकिटांत बुरशी धरत पडले असतील. भरत नाट्य मंदिरात 16 डिसेंबर 1972 ला ‘घाशीराम कोतवाल’ झालं. त्या नाटकातली माणसांची भिंत माझ्या पिढीने पाहिली ती कृष्णधवल फोटोंतच. त्या फोटोंखाली नाटककार सापडतो, दिग्दर्शक सापडतो, नट सापडतात. फोटो कुणाचा, हे मात्र बहुतेक वेळा शोधावं लागतं.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, तेव्हा ती माणसं त्याच शहराच्या रस्त्याखाली, त्याच शहराच्या गटारात होती. छायाचित्रकाराचा विषय त्याच्या दाराशी असतो. त्याची भिंतही दाराशीच हवी.

हे सगळं बोलायला सोपं, असं कुणी म्हणेल म्हणून एक गोष्ट सांगतो. दिवे घाटातली वारी मी बारा वर्षं काढली. तुळस डोक्यावर पुन्हा घ्यायला लावणारे फोटोवाले पाहिले आणि एकदा स्वतःही तसं सांगून बसलो. मग एका वर्षी पालखी यायच्या आदल्या दिवशी वाल्ह्याला गेलो. शाळेच्या कुंपणाला सुतळी बांधली आणि आधीच्या वर्षांचे शंभरेक साधे प्रिंट कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवले. उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी विसाव्याला माणसं आली. सत्तरीच्या एक आजी एका फोटोपाशी अडल्या. पाच बायका फुगडी घालतायत, असा तो फोटो. "ही मी," त्या म्हणाल्या, "आन ही शेजारची. जाऊबाई न्हाई आली ह्यात, पानी आनाया गेल्ती." मी चिमटा काढला आणि फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, कोरी बाजू पाहिली आणि माझ्याकडे परत दिला.

"ह्यावर नाव लिव्हा की तुमचं. घरी इचारतील कुनी काढला, तर काय सांगू?"

खिशातलं पेन प्रिंटवर उठेना. शाळेतल्या एका पोराने मार्कर आणून दिला.