मंजुरीनंतरचे सहा दिवस

कलेला सरकारी पैसा द्यायचा, पण त्याबरोबर सरकारचा हात येऊ द्यायचा नाही, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत अर्थशास्त्राची आणि बँकेची माणसे पुढे होती, याची माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला गंमत वाटते. ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलमागे केन्स होते. ऑस्ट्रेलियात १९६८ साली कलामंडळ उभे राहिले, त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. कूम्ब्स हे तिथल्या रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर. नोटांवर ज्यांची सही, तेच नाटकवाल्यांचे अर्ज वाचायला बसले! (आपल्या चिंतामणराव देशमुखांना असे काम कुणी दिले असते, तर त्यांनी ते आनंदाने केले असते असे मला उगाचच वाटते.)

या मंडळाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१५ साली तिथल्या कलामंत्र्यांनी मंडळाच्या तिजोरीतले चार वर्षांचे १० कोटी ४७ लाख डॉलर काढून आपल्या खात्याच्या नव्या योजनेत घातले. पुढच्याच वर्षी साठाहून अधिक लहान-मोठ्या संस्थांचे नियमित अनुदान गेले. पैसा पुढे बराचसा परत आला, पण विश्वास गेला तो गेलाच. म्हणून नव्या सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये जुन्या मंडळाच्या जागी नव्या कायद्याने ‘क्रिएटिव्ह ऑस्ट्रेलिया’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन केली. निधी वाढवला, संगीतासाठी स्वतंत्र विभाग काढला, साहित्यासाठीही काढला. आणि कोणाला मदत द्यावी याबाबत एखाद्या प्रकरणात मंत्र्याने आदेश द्यायचा नाही, हे कलम जुन्या कायद्यातून नव्यात आणले.

कागदावर याहून चांगली व्यवस्था कुठली असणार?

७ फेब्रुवारी २०२५ रोजी या संस्थेने २०२६ च्या व्हेनिस बिएनालेसाठी खालेद सबसबी या कलावंताची निवड जाहीर केली. लेबनॉनमधल्या यादवीमुळे लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला हा माणूस. त्यांच्या २००७ च्या एका चित्रफितीत हिजबुल्लाचा नेता नसरल्ला दिसतो, यावरून वर्तमानपत्रात टीका झाली. १३ तारखेला विरोधकांनी सिनेटमध्ये प्रश्न विचारला. त्याच रात्री संचालक मंडळाची बैठक बसली आणि एकमताने निवड रद्द झाली. ती चित्रफीत सिडनीच्या समकालीन कला संग्रहालयाच्या संग्रहात कितीतरी वर्षे होती. तेव्हा कुणाला काही वाटले नव्हते.

मंत्र्यांनी त्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांना फोन केला होता. आदेश दिला नाही, निर्णय मंडळाचाच, असे सांगण्यात आले, आणि मी ते खरे मानतो. बँकेत ज्यांनी कर्जाची प्रकरणे हाताळली आहेत, त्यांना असे फोन ठाऊक असतात. वरून कधीच कुणी ‘मंजूर करा’ किंवा ‘नामंजूर करा’ म्हणत नाही. ‘त्या अमुक प्रकरणाचं काय झालं हो?’ एवढेच विचारतात. पुढचे सगळे ऐकणाऱ्याच्या मनात घडते. कायदा बोलणाऱ्याचे तोंड बांधू शकतो. ऐकणाऱ्याच्या पोटातल्या गोळ्याला त्याच्याकडे औषध नाही.

तरीही बँकेत एक शिस्त होती. तपासणी करून, टिपण लिहून, सह्या होऊन मंजूर झालेले कर्ज फिरवायचे, तर तसेच टिपण लागायचे. कोणती नवी माहिती आली? ती आधी का दिसली नाही? जोखीम मंजुरीच्या वेळीच नोंदवली होती की नाही? शिफारस करणाऱ्याला खुलासा विचारला का? एका रात्रीत ही उत्तरे मिळत नाहीत.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. ६ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या राज्य सरकारने कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाला वाङ्मय पुरस्कार जाहीर केला. १२ तारखेला शासन निर्णय काढून तो रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. तेच सहा दिवस! पुरस्कार कोणाच्या नावाचा, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या; यशवंतरावांनी साहित्य संस्कृती मंडळ ज्यांच्या हाती विश्वासाने सोपवले त्यांच्या. इथे तर फोनचीही गरज नव्हती, कारण देणारे आणि काढून घेणारे एकच. निषेध म्हणून राजीनामे आले. पण पुरस्कार रद्द तो रद्दच.

ऑस्ट्रेलियातही संचालक मंडळावरच्या एका कलावतीने आणि दृश्यकला विभागाच्या प्रमुखांनी राजीनामे दिले. यादीत मागे पडलेल्या पाच संघांनी, म्हणजे खुद्द स्पर्धकांनी, सबसबींच्या बाजूने पत्र लिहिले. मग संस्थेने बाहेरच्या लोकांकडून चौकशी करून घेतली. जोखीम ओळखण्यात आणि तयारीत उणिवा राहिल्याचे तीत निघाले आणि २ जुलैला सबसबींची निवड पुन्हा कायम झाली. नव्या कायद्याचा उपयोग दिसला तो इथे. संस्था सरकारपासून वेगळी होती, म्हणून तिला स्वतःचा निर्णय पुन्हा उघडता आला.

आपल्याकडे कलेसाठी नवी मंडळे, नवे निधी यांच्या घोषणा होतच असतात. तेव्हा अध्यक्ष कोण आणि रक्कम किती हे सगळे विचारतात. मी दुसरेच विचारीन. एकदा झालेली निवड रद्द करायची असेल तर निवड समितीला पुन्हा बोलवावे लागेल काय, आणि कारणे लेखी, प्रत्येकाच्या सहीनिशी, नोंदवावी लागतील काय?